डोंगर उजव्या हाताला

"दहा-अकरा दिवस फोन लागणार नाही, डोंगराभोवती चालायला निघालेय," असं आईला सांगितलं, तर तिने पहिला प्रश्न विचारला, "कसला नवस बोललीस?" तिने स्वतः त्र्यंबकेश्वरला ब्रह्मगिरीची फेरी तीनदा केली आहे. तिसरा श्रावणी सोमवार, रात्री निघायचं, भिजत, अनवाणी. डोंगराला फेरी घालायची तर कारण लागतं आणि ते देवाधर्माचंच असतं, हा तिचा साधा हिशेब. मी म्हटलं, नवस नाही, लॉटरी लागलीय. त्यावर ती जे बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही.

लॉटरी होती ती चालण्याच्या परवान्याची. मी सिअ‍ॅटलला राहते. हवा स्वच्छ असली की दक्षिणेला माउंट रेनियर दिसतो. उंची 4,392 मीटर, अंगावर पंचवीसेक हिमनद्या आणि पोटात अजून धग असलेला ज्वालामुखी. 1899 साली तिथे राष्ट्रीय उद्यान झालं आणि 1915 साली डोंगराला पूर्ण वळसा घालणारी वाट तयार झाली. तिचं नाव वंडरलँड ट्रेल, लांबी 150 किलोमीटर. ही वाट शिखरावर जातच नाही. छत्रीच्या काड्या पसराव्यात तशा शिखरापासून चारी बाजूंना सोंडा उतरल्यात आणि दोन सोंडांच्या मधल्या दरीतून एकेक नदी. त्यामुळे दिवसभर एकच उद्योग. सोंड चढा, पलीकडे उतरा, नदी ओलांडा, पुढची सोंड चढा. समुद्राच्या पातळीवरून निघून कळसूबाई चारदा चढावी तेवढी एकूण चढाई. मी घड्याळाच्या काट्याच्या दिशेने गेले, म्हणजे डोंगर उजव्या हाताला. आईला तेवढं ऐकून जरा बरं वाटलं.

मुक्कामाचे तळ ठरलेले आणि प्रत्येक तळावर मोजक्याच जागा. कुठल्या रात्री कुठे झोपणार ते आधीच लिहून द्यायचं. लॉटरीत नाव आलं तर आधी बुकिंग करायला मिळतं. काही जागा आयत्या वेळी खिडकीवर येणाऱ्यांसाठी राखलेल्या असतात. पहिल्या वर्षी माझं नाव आलं नाही, दुसऱ्या वर्षी आलं.

हे आत्ता लिहायचं कारण म्हणजे मी जुलैत मुलुंडला घरी आलेय आणि आमच्या जुन्या ट्रेकिंगच्या ग्रुपवर जुंपली आहे. निमित्त नेहमीचंच. पावसाळा आला की पुणे आणि रायगडचे जिल्हाधिकारी धबधबे, धरणं आणि काही गड यांच्यावर बंदीचे आदेश काढतात. पूर्वी त्याला 144 म्हणायचे, आता कायदा बदलून 163 झालंय. एका बाजूला बंदीवाले. त्यांच्याकडे दाखले कमी नाहीत. 30 जून 2024 ला लोणावळ्याच्या भुशी धरणामागे एका कुटुंबातली पाच माणसं पाण्याच्या लोंढ्याबरोबर गेली, तो व्हिडिओ कोणी विसरलेलं नाही. 2023 च्या जुलैत लोहगडाच्या पायऱ्यांवर लोक तासन् तास अडकून पडले होते, दादरच्या पुलावर संध्याकाळी अडकतात तसे. दुसऱ्या बाजूला आमचा लीडर. वीस वर्षांपूर्वी शेवटची कसारा लोकल पकडून आम्हा पोरींना रात्रीच्या अंधारात डोंगर दाखवणारा हाच. त्याचं म्हणणं, "उद्या महाराजांच्या गडावर जायला आधार कार्ड दाखवायचं का?"

दोन्ही बाजूंनी मग माझे वंडरलँडचे फोटो पुरावा म्हणून काढले. बंदीवाले म्हणाले, बघा, तिकडे लॉटरी आहे. लीडर म्हणाला, बघा, तिकडे एका पायवाटेसाठी भिकाऱ्यासारखी वाट बघावी लागते. मी काही बोलावं तर "आली अमेरिका शिकवायला" हे वाक्य कीबोर्डवर तयारच असतं. तरी बोलते. कारण त्या फोटोंमध्ये जे खरं बघायचं होतं ते दोघांनीही बघितलं नाही.

एका फोटोत मी ओंडक्यावर उभी आहे. झाड आडवं पाडून वरची बाजू तासून सपाट केलेली, एका अंगाला काठीचा कठडा, खाली नदी. हिमनदीचं पाणी निळंशार असेल असं वाटतं ना? नसतं. खडकाचं पीठ मिसळलेलं असतं, सिमेंट कालवल्यासारखा रंग. आणि त्याला वेळापत्रक असतं. सकाळी पाणी कमी, ऊन चढलं की वर बर्फ वितळतो आणि दुपारी नदी फुगते. मी पोचले ते दुपारी तीनला, म्हणजे नेमकी चुकीच्या वेळी. ओंडक्याच्या मध्यावर आले आणि पायाखालून आवाज आला, गडगड, गडगड. ढग असतील म्हणून वर बघितलं तर आभाळ कोरं. पाण्याच्या तळाशी धोंडे गडगडत चालले होते. तो हादरा ओंडक्यातून तळपायाला कळत होता. मी कठडा दोन्ही हातांनी धरला, रामरक्षा आठवेना म्हणून भीमरूपी म्हटलं आणि खेकड्यासारखी आडवी पाय सरकवत पलीकडे गेले.

पलीकडे वाटेच्या कडेला दुसरा ओंडका पडला होता, मोडका, अर्धा वाळूत रुतलेला. तो आधीचा पूल. तळावर भेटलेल्या रेंजर बाईंनी सांगितलं की हे पूल वाहून जातात, नदी पात्रही बदलते, मग नवं झाड आणून परत घालतात. पुन्हा वाहून जातं, पुन्हा घालतात. त्या हे सांगताना त्यांच्या पाठीवर फावडं बांधलेलं होतं.

हा डोंगर मुळातच ठिसूळ. चिकट लाव्हा, राख, तुटके खडक यांचे थर रचत तो उभा राहिला आणि आतल्या गरम वाफेने काही भाग कुजून मातीसारखे झालेत. आपला सह्याद्रीही ज्वालामुखीचाच, पण जात वेगळी. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून पातळ लाव्हा पसरला, थरावर थर बसले, म्हणून आपले डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलला काळ्या कातळाचे उभे खांब आहेत ते त्याच काळातले. आमच्या ऑफिसात मी सांगते की मी ज्वालामुखीच्या खडकावर वसलेल्या शहरातून आले आणि खालच्या रस्त्यावर वडापाव मिळतो, तर कुणाला खरं वाटत नाही. कातळ आपला टणक, त्यात लेणी कोरून झाली. पण कातळावरची माती तेवढी टणक नाही. पावसात एका रविवारी पाच हजार पायांनी तुडवली की वाटेचा ओढा होतो. तिथे फावडं घेऊन कोण जातं?

माझ्या मते सगळा वाद इथेच चुकतो. बंदी आणि मोकळीक ही दोनच टोकं धरून आपण भांडतो. बंदीचा आदेश हा एका पानाचा कागद आहे, त्याला ना ओंडका लागतो ना फावडं. आणि मोकळीक म्हणजे तरी काय, डोंगराची काळजी कोणीच घ्यायची नाही एवढंच. लॉटरीला मी भुलले नाही. पण ज्या रात्री मी तळावर पोचले, त्या प्रत्येक रात्री तिथे तंबूपुरती सपाट जागा होती, जवळ पाणी होतं, अस्वलापासून शिधा वाचवायला उंच लोखंडी खांब होता आणि खड्ड्याचा संडास होता. खांबाचं जरा सांगते. वर आकडे, आणि शिध्याची पिशवी दुसऱ्या एका लांब, जड दांड्याने उचलून त्या आकड्यात अडकवायची. दिवसभर चालून हात लटपटत असतात, तेव्हा हा प्रकार म्हणजे दहीहंडी उलटी खेळणं. माझ्या पिशवीत लसणाची चटणी होती. शेजारच्या तंबूतल्या आजोबांनी वास घेऊन विचारलं, "हे अस्वलाला बोलवायला आहे की पळवायला?"

संडासावर मात्र मी हसत नाही. गडावरच्या गर्दीवर एवढं लिहिलं जातं, पण बायका जातात कुठे हे कोणी लिहीत नाही. हरिश्चंद्रगडावर शनिवार-रविवारी तंबूंची रांग लागते, झुडुपांमागे काय असतं ते गेलेल्या प्रत्येकीला ठाऊक आहे. आम्ही पाणी कमी प्यायचो, हाच आमचा उपाय. माणसांची संख्या ठरवायची तर मी त्या खड्ड्यापासून मोजायला सुरुवात करीन.

लीडरचं एक म्हणणं मात्र मला पटतं. ते तिकडचं रान मोकळं आहे कारण ते मोकळं करून घेतलं आहे. त्या डोंगराला तिथले मूळ लोक ताहोमा म्हणत. निस्क्वाली, प्युअ‍ॅलप, याकामा या जमाती उन्हाळ्यात वरच्या कुरणांवर शिकारीला, बोरांसारखी हकलबेरी वेचायला यायच्या. 1854 च्या मेडिसिन क्रीकच्या तहात निस्क्वाली, प्युअ‍ॅलप वगैरेंच्या बहुतेक जमिनी गेल्या. मग तिथे राष्ट्रीय उद्यान झालं आणि आता मी लॉटरी भरून त्या निर्जनतेचं कौतुक करते. आपल्याकडे असं निर्जन काही नाही. गडाखाली ठाकरवाडी, कातकरवाडी, धनगरपाडा असतोच. पहाटे कोणाच्या तरी पडवीत चहा, परतताना पिठलं-भाकरी, रात्री उशीर झाला तर त्याच पडवीत पथाऱ्या. माझं अख्खं कॉलेज असल्या पडव्यांवर झालं. तिथे "येथे माणूस राहत नाही" असं धरून केलेला नियम चालणार नाही.

त्यातली एक वाडी आता नाही. 19 जुलै 2023 च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड आली. 27 मृतदेह मिळाले, 57 माणसं मिळालीच नाहीत, शोध थांबवावा लागला. इर्शाळगडाला जाताना आम्ही तिथे पाणी पिऊन पुढे गेलोय. दरडप्रवण गावांच्या यादीत वाडीचं नाव नव्हतं. त्या रात्री लवकर धावून गेलेल्यांत डोंगरात फिरणारी मुलंही होती.

रेनियरच्या पायथ्याला ऑर्टिंग नावाचं छोटं गाव आहे. ते वसलंय तेच मुळी जुन्या चिखलाच्या लोंढ्यावर. हिमनद्या वितळून किंवा डोंगराची कुजकी बाजू ढासळून चिखल नदीतून खाली येतो, त्याला लाहार म्हणतात. 5,600 वर्षांपूर्वीचा एक तर थेट समुद्राच्या खाडीपर्यंत गेला. म्हणून दऱ्यांमध्ये संवेदक बसवलेत, गावात भोंगे आहेत, त्यांची नियमित चाचणी होते आणि शाळेतली पोरं रांगेने चालत उंचावर जाण्याची तालीम करतात. चालत, कारण गाड्या काढल्या तर रस्ता तुंबेल. ती पोरं कदाचित म्हातारी होतील आणि लोंढा येणारही नाही. तरी चालतात. आपल्याकडे पर्यटकाने गड चढू नये म्हणून पायथ्याला पोलीस उभा राहतो. वाडीतल्या माणसाला रात्री उठवायला कोण उभा असतो?

आता तिकडचं उणं. 2025 च्या फेब्रुवारीत राष्ट्रीय उद्यान सेवेतल्या सुमारे एक हजार लोकांना एका झटक्यात घरी बसवलं. पुढे कोर्टाच्या आदेशाने काहींना परत घेतलं, ते वेगळं. म्हणजे फावडंवाल्या बाईंची नोकरी तिकडेही कोणाच्या तरी लहरीवर आहे. तेव्हा "तिकडे सगळं छान" हे मी म्हणणार नाही. शिवाय नमुना हवा तर एवढ्या लांब जायलाही नको. साताऱ्याला कासच्या पठारावर फुलांच्या दिवसांत रोज तीन हजारांची मर्यादा आहे, ऑनलाइन बुकिंग आहे, शुल्क आहे, आणि ते काम आजूबाजूच्या गावांची समिती बघते. तिथेही कुरबुरी आहेत, गर्दी आहे. पण रविवारी कोणाला किती सोडायचं हे गावाला विचारून ठरतं. 2025 च्या जुलैत आपले बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले, त्यातले अकरा महाराष्ट्रातले. फटाके आपण वाजवले. आता गर्दी वाढणार हे सांगायला ज्योतिषी नको.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं, तुकड्यातुकड्यांत, आईच्या जेवणाच्या टेबलावर बसून. अर्ध्या लोकांनी अंगठा दाखवला. लीडरने रात्री साडेअकराला फोन केला. "बरं, मग तूच लिही अर्ज. आपल्या त्या एका गडापुरता. वाट कोण बांधणार, संडास कुठे, रोज किती माणसं, सगळं लिही. मी ग्रामपंचायतीत घेऊन जातो. पण लॉटरी शब्द घालू नकोस."

दोन पानं झाली. "रोज किती माणसं" इथे अडले. वंडरलँडचे आकडे इथे लावण्यात अर्थ नाही, आणि मुलुंडच्या बाल्कनीतून आकडा ठरवणं हेच तर आपण सरकारला नावं ठेवून सांगतो की करू नका. म्हणून ज्यांच्या पडवीत आम्ही झोपायचो त्या काकांना फोन लावला. ते आता थकलेत, पण आवाज ओळखला. मी विचारलं, काका, रविवारी किती लोक आले तर तुम्हाला झेपतील?

"लोकांचं काय, दोनशे येऊ द्या," ते म्हणाले. "ते पाणी पितात कुठलं ते आधी लिही. मार्च सरला की आमच्याच विहिरीला नसतं."