डीव्हीडी किलोवर घालायच्या आधी

दिवाळीच्या साफसफाईपासून एक फॉरवर्ड फिरतोय. शाळेच्या बॅचच्या ग्रुपवर तो चारदा आला, भावकीच्या ग्रुपवर दोनदा. परवा गल्लीतल्या एका दोस्तानं मला एकट्याला पाठवला आणि खाली लिहिलं, ‘भावा, तुझ्यासाठीच लिहिलंय बघ.’

त्यातलं म्हणणं असं: सगळे सिनेमे आता ओटीटीवर आणि यूट्यूबवर आहेत. तिथं विकत घेतलेला सिनेमा कायमचा आपला. जुने सिनेमे जपायला कंपन्या आहेत, तुम्ही कशाला? ऑनलाइनचं चित्र डिस्कपेक्षा सरस. डिस्क दहा वर्षांत मरते. प्लेअर मिळत नाही. आणि कोल्हापुरात बसून जपानी-इटालियन सिनेमे जमवणं म्हणजे नुसती शायनिंग. तेव्हा कपाट रिकामं करा, सगळं रद्दीवाल्याला किलोवर घाला.

माझ्याकडं सहाशेच्या आसपास डिस्क आहेत. निम्म्याहून जास्त व्हिडिओ लायब्रऱ्या बंद पडत होत्या तेव्हा वीस-तीस रुपयांना उचललेल्या. त्यामुळं मी काही पंच नव्हे, एका बाजूचा पैलवान आहे.

‘सगळे सिनेमे ओटीटीवर आहेत.’ ओटीटीवरचा सिनेमा हा भाडेकरू असतो. त्याचा करार ठरावीक मुदतीचा. मुदत संपली आणि नवा करार झाला नाही, की तो सामान उचलून चालता होतो. गेल्या पावसाळ्यात एक इटालियन सिनेमा शुक्रवारी रात्री अर्धा बघितला आणि लाइट गेली. रविवारी निवांत बसलो, तर सिनेमाच नाही. मधल्या शनिवारी महिना बदलला होता. अमेरिकेत तर जुन्या आणि परदेशी सिनेमांसाठी निघालेली फिल्मस्ट्रक नावाची अख्खी सेवाच दोन वर्षांत, २९ नोव्हेंबर २०१८ ला बंद झाली.

बरं, जो सिनेमा आहे तो तोच आहे याची तरी खात्री? १९७१ चा ‘द फ्रेंच कनेक्शन’ घ्या. २०२३ मध्ये लोकांच्या लक्षात आलं की अनेक ऑनलाइन सेवांवरच्या प्रतीतून वर्णद्वेषी शिव्या असलेला एक तुकडा गायब आहे. कुठं सूचना नाही, काही नाही. ज्यांच्याकडं जुनी डिस्क होती त्यांना तो तुकडा दाखवता आला. अर्थात आपल्याकडच्या डिस्क फार सोवळ्या आहेत असंही नाही. इथं निघणाऱ्या डिस्कला सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागतं, त्यामुळं परदेशी सिनेमे कापलेले सापडतात. मी मूळ लांबी आणि डिस्कवरची लांबी दोन्ही कव्हरच्या आत पेन्सिलीनं लिहून ठेवतो. पण काय कापलंय ते एकदा कळलं की डिस्कवर ते रोज बदलत नाही.

यूट्यूबचं मी मान्य करतो. प्रभात फिल्म कंपनीचा जुना ‘संत तुकाराम’ तिथं फुकट बघता येतो, ही मोठीच सोय आहे. आपल्या कायद्यानं सिनेमावरचा हक्क ६० वर्षांनी संपतो, मग कुणीही तो चढवू शकतो. कुणीही म्हणजे खरंच कुणीही. एका प्रतीत रुंद टीव्ही भरावा म्हणून चित्र दोन्हीकडून ताणलं होतं आणि विष्णुपंत पागनीसांचे तुकोबा खासबागेच्या आखाड्यात शड्डू ठोकायला निघाल्यासारखे आडवे दिसत होते. कोपऱ्यात चॅनेलचा लोगो होता तो वेगळाच.

‘विकत घेतलेला सिनेमा कायमचा आपला.’ नाही. तिथलं ‘बाय’चं बटण म्हणजे बघायचा परवाना असतो, मालकी नव्हे. हा गैरसमज एवढा पसरला की कॅलिफोर्नियानं कायदाच केला. १ जानेवारी २०२५ पासून तिथं विक्रेत्याला सांगावं लागतं, की बाबा, तुला मिळतोय तो फक्त परवाना.

‘जुने सिनेमे जपायला कंपन्या आहेत.’ हे वाक्य कोल्हापूरच्या माणसानं पुढं ढकलावं याचं मला खरंच नवल वाटतं. खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ आहे. आपण रोज त्याच्या बाजूनं गाडी वळवतो. तो ज्या महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या आठवणीत उभा आहे, त्या बाबूराव पेंटरांच्या कंपनीचा मूक ‘सावकारी पाश’, साल १९२५, आज कुणालाही बघता येत नाही. व्ही. शांताराम त्यात शेतकरी झाले होते. पुस्तकांत त्याचं वर्णन आहे, फोटो आहेत, सिनेमा नाही. भालजी पेंढारकरांचा स्टुडिओ १९४८ मध्ये गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत जळाला. पुण्यात २००३ च्या जानेवारीत जुन्या काळची नायट्रेट फिल्म ठेवलेल्या गोदामाला आग लागली आणि प्रभातच्या मूळ निगेटिव्हसुद्धा गेल्या. नायट्रेट फिल्म पेट घ्यायला एक ठिणगी पुरते. जी जळाली नाही त्यातली कितीतरी चांदी काढण्यासाठी वितळवली गेली, कारण फिल्मवरच्या लेपात चांदी असते. आपला पहिला बोलपट ‘आलम आरा’, साल १९३१, तोही नाही.

त्या काळीही कंपन्या होत्याच की.

आणि कोण सांभाळतं याची उलटी गोष्टही आहे. जर्मनीचा १९२७ चा ‘मेट्रोपोलिस’ प्रदर्शनानंतर लगेच कापला गेला आणि कापलेला भाग कायमचा गेला असंच सगळे धरून चालले होते. २००८ मध्ये जवळजवळ पूर्ण प्रत सापडली ती अर्जेंटिनात, ब्युनोस आयर्सच्या चित्रपट संग्रहालयात. तिथं ती आली होती एका समीक्षकाच्या खासगी संग्रहातून. एका माणसानं हौसेनं ठेवलेली प्रत! दुरुस्त केलेल्या सिनेमाची ब्लू-रे, म्हणजे डीव्हीडीनंतर आलेली जास्त स्पष्ट चित्राची डिस्क, लावली की हे डोळ्यांनी दिसतं. चकाचक चित्र चालू असतं आणि मधेच ओरखड्यांचा पाऊस सुरू होतो, चौकटीच्या कडेला काळी पट्टी येते. तो सापडलेला भाग. १६ मिलिमीटरच्या अरुंद फिल्मवर उतरवताना चित्राची कड कापली गेली होती, ती पट्टी त्याची खूण. मी पाहुण्यांना हा तुकडा हमखास दाखवतो. पाहुणे चहा कधी येणार ते बघत असतात, पण असो.

माझ्या कपाटातली डीव्हीडी म्हणजे काही मूळ निगेटिव्ह नव्हे, हे मला कळतं. तिच्यावरून कुणी सिनेमा पुन्हा उभा करणार नाही. पण सत्यजित राय यांच्या अपू-त्रयीच्या निगेटिव्ह १९९३ मध्ये लंडनच्या लॅबमध्ये भाजल्या आणि वीसेक वर्षांनी इटलीत बोलोन्याला त्यांतला वापरण्याजोगा भाग सोडवून, बाकीचा दुसऱ्या प्रतींवरून घेऊन ते सिनेमे पुन्हा उभे राहिले. त्यातला पैसा आणि उत्साह ज्या अमेरिकी क्रायटेरियनकडून आला, ती संस्था १९८४ पासून आमच्यासारख्या जमवणाऱ्यांना डिस्क विकूनच वाढली आहे.

‘ऑनलाइनचं चित्र सरस.’ कशापेक्षा? व्हीसीडीपेक्षा म्हणत असाल तर वादच नाही. डीव्हीडीच्या आधीच्या त्या व्हीसीडीत चित्र २८८ आडव्या रेघांचं (रेघा जास्त तितकं चित्र स्पष्ट), आणि ७४ मिनिटांत एक डिस्क संपायची, म्हणून नायिका विहिरीपाशी पोचली की उठून दुसरी डिस्क घालायची. डीव्हीडीही ५७६ रेघांची, ४के पुढं ती हरणारच. पण ब्लू-रेशी तुलना करा. ब्लू-रेवर चित्रासाठी सेकंदाला ४० मेगाबिटपर्यंत माहिती येते. फुल एचडीसाठी नेटफ्लिक्स स्वतः ५ मेगाबिटचं नेट पुरेल म्हणतं. रेघा दोन्हीकडं १०८०, पण जुन्या कृष्णधवल सिनेमातलं धुकं, पाऊस, अंधारी खोली, फिल्मची ती बारीक रवाळ हालचाल, हे दाबून दाबून पाठवलं की भिंतीवर चौकोनी डाग दिसायला लागतात. आणि ४के पॅक घेऊनही जुलैत आमच्याकडं नेट कसं चालतं ते मला सांगू नका.

डिस्कची एक खोड मात्र मला आमच्या काकांमुळं कळली. ते भजनी मंडळात पेटी वाजवतात. एका फ्रेंच संगीतपटाची ब्रिटिश डीव्हीडी लावली होती. काका आतून आले आणि म्हणाले, ‘ही बाई परवा मोबाइलवर ऐकली तेव्हा पट्टीत होती, आज चढलीय.’ बरोबर होतं त्यांचं. सिनेमा सेकंदाला २४ चौकटींनी चालतो, युरोपातली पाल या टीव्ही पद्धतीची डीव्हीडी २५ नं. त्यामुळं १०० मिनिटांचा सिनेमा ९६ मिनिटांत उरकतो आणि आवाज पेटीच्या पांढरी एकवरून काळी एकच्या दिशेनं, एका सुरापेक्षा थोडा कमी, वर सरकतो. ब्लू-रेवर २४ च राहतात. तेव्हापासून गाण्यांचा सिनेमा ब्रिटिश डीव्हीडीवर घेत नाही.

‘डिस्क दहा वर्षांत मरते.’ यात थोडं खरं आहे, म्हणूनच ते जास्त पसरतं. घरी कॉम्प्युटरवर बर्न केलेली डिस्क रंगाच्या थरावर लिहिलेली असते. तो रंग उन्हानं, उष्णतेनं उडतो. लग्नाच्या सीडी लागत नाहीत त्या यामुळं. कंपनीच्या डिस्कमध्ये मजकूर प्लास्टिकवर ठशानं उमटवतात आणि वर ॲल्युमिनियमचा थर असतो. ओळखायला सोपं आहे: खालची बाजू जांभळट-हिरवट तर बहुधा बर्न केलेली, चंदेरी तर बहुधा ठशाची. ठशाच्याही दगा देतात. २००६ ते २००८ मधल्या काही डीव्हीडी खराब होतायत हे वॉर्नर ब्रदर्सनं २०२५ मध्ये स्वतःच मान्य केलं. पण सरसकट दहा वर्षं?

ऐका मग. ऑगस्ट २०१९. पंचगंगेचं पाणी शाहूपुरीत शिरलं, आमच्या घरात मांडीपर्यंत. पाच दिवसांनी आत गेलो तर कपाटाचे खालचे दोन खण गाळात. सव्वाशेच्या वर डिस्क. कव्हरचा कागद लगदा झालेला, उचलला की हातात रंग यायचा. नळाला पाणी नाही, टँकरचं दोन बादल्या मिळालेलं, आणि मी त्यातली एक घेऊन डिस्क धुवायला बसलो. आई दारातून ओरडली, ‘प्यायला पाणी न्हाई आणि हा चकत्या धुतोय!’ धुतल्या. घासायचं नाही, गाळ नुसता पाण्यानं सोडवायचा. मग मऊ सुती कापडानं मधल्या भोकाकडून कडेकडं सरळ पुसायचं. गोल फिरवून पुसलं आणि ओरखडा उठला, तर तो डिस्कवरच्या मजकुराचा नेमका माग धरून जातो आणि प्लेअर अडकतो. आडवा ओरखडा प्लेअर सावरून घेतो. सुकवायला ताटाळं होतंच. ताटं खाली काढली आणि त्यात डिस्क उभ्या केल्या, चार खेपा. ठशाच्या तीन-चार सोडल्या तर सगळ्या लागल्या, आजही लागतात. बर्न केलेल्यांतल्या निम्म्या गेल्या, वरचा थर पापडासारखा सुटून आला.

‘प्लेअर मिळत नाही.’ नवा शोधावा लागतो, जुना मिळतो. माझा राजारामपुरीतल्या एका दुरुस्तीवाल्याकडं दोनदा लेन्स बदलून आला. खरी कटकट रीजनची आहे: कंपन्यांनी जगाचे भाग पाडलेत आणि एका भागाची डिस्क दुसऱ्या भागाच्या प्लेअरवर लागत नाही. डीव्हीडीसाठी भारत रीजन ५, अमेरिका १, ब्रिटन आणि जपान २. ब्लू-रेत भारत सी, अमेरिका आणि जपान ए, युरोप बी. डीव्हीडी प्लेअरची कुलपं बहुधा रिमोटवरचा एक कोड दाबून उघडतात, ब्लू-रेची सहसा नाही. कॉम्प्युटरच्या ड्राइव्हला रीजन पाचदाच बदलता येतो, मग जिथं थांबाल तिथं तो बसला. हे मला सहाव्या वेळी कळलं. ४के डिस्कला मात्र रीजनचं कुलूप नाही, आणि कव्हरच्या मागं ‘ऑल’ किंवा ‘ए, बी, सी’ लिहिलं असेल तर डोळे झाकून घ्या.

खर्चाचं एवढंच, की मोझर बेअर या डिस्क बनवणाऱ्या कंपनीनं व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ ला आणली तेव्हा लक्ष्मीपुरीच्या बाजारात भाजीच्या पिशवीत सिनेमे यायचे. आज बाहेरून मागवलेली एक ब्लू-रे दोन-तीन हजारांना पडते, वर कस्टम. वर्षाला चार घेतो. तेवढ्यात चांगला मोबाइल येत नाही.

राहिली शायनिंग. प्रभात १९२९ मध्ये याच गावात निघाली. १९३३ मध्ये ‘सैरंध्री’च्या रंगीत प्रती काढायला शांताराम जर्मनीला गेले. १९३७ ला ‘संत तुकाराम’ व्हेनिसला पोचला आणि तिथं नावाजला गेला. म्हणजे इटलीत लोकांनी देहूचा वाणी बघितला, त्यांना कुणी म्हटलं नाही शायनिंग. दसरा चौकात शाहू स्मारकला चित्रपट महोत्सव असतो तेव्हा एकदा येऊन बघा. इराणी सिनेमाला पायऱ्यांवर माणसं बसलेली असतात आणि मध्यंतर नाही म्हणून कुणी उठत नाही. बाहेर आल्यावर मिसळीवर भांडतात ती दिग्दर्शकाच्या नावानं.

तरीही कपाट रिकामं करायचंच ठरलं असेल, तर किलोवर घालायच्या आधी मला सांगा. चंदेरी सगळ्या घेतो, मराठी व्हीसीडीसुद्धा. जांभळट नको. आणि प्लेअर देणार असाल तर रिमोटसकट द्या, कोड त्यावरच मारावा लागतो.