पाहुण्यांना जुन्नर दाखवायचं, पण सुरुवात कुठून?

बापूचे पाहुणे रविवारी पुण्याहून येणार आहेत. एका दिवसात तालुक्यातलं काय दाखवावं, एवढंच त्यानं विचारलं होतं. पण चहाच्या टपरीबाहेरच्या आमच्या कट्ट्यावर त्यावरून चांगलीच जुंपली.

त्याचं स्वतःचं उत्तर तयार होतं. "सकाळी शिवनेरी, मग लेण्याद्री, जाताना ओझरचा विघ्नहर. पाऊस असला तर नाणेघाटात उलटा धबधबा. झालं की."

"शिवनेरीवर नेमकं काय दाखवणार?" गुरुजींनी विचारलं.

"महाराजांचं जन्मस्थान, शिवाईचं देऊळ, बदामी तलाव, कडेलोट."

"आणि चिताचा भोजनमंडप?"

बापू गप्प. मग गुरुजींनीच सांगितलं. सात दरवाजे ओलांडून आपण ज्या गडावर चढतो, त्याच्याच कड्यात लेणी आहेत. तिथल्या एका ब्राह्मी लेखात चित नावाच्या यवनानं, म्हणजे त्या काळच्या भाषेत ग्रीक किंवा पश्चिमेकडच्या परदेशी माणसानं, बौद्ध भिक्षुसंघाला भोजनमंडप दिल्याची नोंद आहे. इरिल नावाच्या दुसऱ्या यवनानं पाण्याची दोन टाकी दिली. चंद नावाचा तिसरा समोर मानमोडीच्या डोंगरात सापडतो. आजच्या पाहुण्याला हे कुणी सांगत नाही.

"ही परदेशी माणसं इथं डोंगरात कशाला येतील?" नानांना ते पटेना.

मला वाटतं, सगळ्या वादाचं उत्तर याच प्रश्नात होतं. ती माणसं वाटेनं आली. कल्याण-सोपाऱ्याला उतरलेला माल नाणेघाट चढून जुन्नरला यायचा आणि पुढे पैठणकडे जायचा. ती वाट आधी दाखवली की तालुक्यातल्या एकेका जागेचा अर्थ लागत जातो. वाटेवर नजर ठेवायला जीवधन, चावंड, हडसर आणि शिवनेरी. वाटेवर कमावणाऱ्यांच्या दानातून तुळजा, मानमोडी, लेण्याद्रीची लेणी. लेण्याद्रीच्या चैत्याचा, म्हणजे स्तूप असलेल्या प्रार्थनेच्या लेण्याचा, दाता तर कल्याणचाच. म्हणून माझं म्हणणं, सुरुवात घाटमाथ्यावरून करायची.

"घाटात दगडी रांजण सोडला तर आहे काय?" बापूनं विचारलं. रांजण जकातीचा, हे आपल्याकडे पोरंसोरंही सांगतात.

त्यावर गुरुजी चिडले, आणि त्यांचं चिडणं रास्त होतं. घाटाच्या तोंडाशी जे लेणं आहे, त्याच्या भिंतींवर सातवाहनांची राणी नागनिका हिचा मोठा लेख आहे. पहिल्या सातकर्णीची ही राणी. अश्वमेध, राजसूय अशा यज्ञांची त्यात यादी आहे. यज्ञांची दक्षिणा म्हणून किती गाई, किती हत्ती, किती कार्षापण (तेव्हाची नाणी) दिले, तेही आकड्यांत कोरलेलं आहे. आपल्या देशातल्या अंकलेखनाच्या अगदी जुन्या पुराव्यांत हा लेख मोजतात. मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांचे पुतळे होते. आता वरची नावं आणि खाली पायांच्या खुणा तेवढ्या उरल्यात. सिमुक, सातकर्णी, नागनिका, राजपुत्र, सगळे ओळीनं. दोन हजार वर्षांपूर्वी या घाटातून जाणाऱ्या प्रत्येकाला राज्य कुणाचं ते इथं कळत होतं. आणि आपली माणसं तिथं धबधब्यासोबत फोटो काढून परततात. मलाही याचा राग येतो.

"मग प्रत्येक लेखापाशी मराठी फलक लावा," नाना म्हणाले. "लेख काय म्हणतो, सोप्या भाषेत."

अण्णा तोवर ऐकत होते. ते म्हणाले, "फलक लागला की गर्दी आली. भिंतीवर नावं कोरणारे आले, लेण्यात चूल मांडणारे आले. वीरगळांचं काय केलं आपण? देवळाबाहेरच्या दगडांना ऑइलपेंट फासला. खाली लढाई, मध्ये अप्सरा पडलेल्या वीराला वर नेतायत, वर शिवलिंगाची पूजा, माथ्यावर चंद्र-सूर्य, सगळं रंगाखाली गेलं. नको तुमचे फलक."

अण्णांची भीती खरी आहे. पण वीरगळ रंगवणाऱ्यांनी तो वाईट हेतूनं रंगवलेला नसतो. गावासाठी, गावच्या गाईगुरांसाठी लढून पडलेल्या माणसाचा तो दगड, हे माहीत असतं तर त्यांनी ब्रश हातात घेतला असता का? न सांगितल्यानंही नुकसान होतंच, आणि गावोगाव ते झालेलं आहे.

अण्णा पूर्ण हलले नाहीत, पण एका गोष्टीवर आले. फलक गावात असावा, एसटीच्या थांब्यापाशी, लेण्याच्या तोंडाशी नको. पुढे वाट विचारायची ती गावकऱ्याला, म्हणजे कोण आलं-गेलं ते गावाला कळेल. वीरगळांपुरतं मला हे मान्य आहे. शिवनेरीला मात्र नाही. तिथं माणसं येतच असतात, त्यांना त्या लेण्यांबद्दल गडाच्या पायथ्यालाच वाचायला मिळालं पाहिजे.

बापूनं शेवटी ओझर पुढच्या खेपेवर टाकलं. पहाटे निघून थेट नाणेघाट, ऊन चढायच्या आत तुळजा लेणी, कारण बारा अष्टकोनी खांबांचा तो गोल चैत्य पाहुण्यांना दुसरीकडे सहसा बघायला मिळायचा नाही, आणि दुपारनंतर शिवनेरी. गुरुजी सोबत जाणार आहेत. खोडदच्या महादुर्बिणीचा विषय नानांनी काढला, तर टपरीवाल्यानं शटर ओढायला घेतलं.