सातवा, हसवणारा

गेल्या महिन्यात निपाणीहून भावानं एका हिंदी वेबमालिकेतला तुकडा पाठवला. मोलकरीण येते, पदर खोचते, "आयला, काय झालं साहेब?" म्हणते आणि जाते. खाली भावानं लिहिलं होतं, "पुन्हा आपलीच बाई." मग घरच्या ग्रुपवर दोन दिवस धुरळा. मोलकरीण मराठी, हवालदार मराठी, फारच मेहेरबानी झाली तर मध्यंतराआधी गोळी खाणारा इन्स्पेक्टर मराठी. मामांनी एकच वाक्य टाकलं: "मुंबईत मोलकरणी मराठी असतातच की, यात खोटं काय दाखवलंय?" त्यावर कुणाला नीट उत्तर देता आलं नाही. मलाही नाही.

इकडे ह्यूस्टनमध्ये माझी तेरा वर्षांची मुलगी त्याच आठवड्यात लिओ वाल्डेझवरून जगाशी भांडत होती.

लिओ हा अमेरिकी लेखक रिक रायर्डनच्या 'हीरोज ऑफ ऑलिम्पस' या पाच पुस्तकांतला मुलगा. पुस्तकं २०१० ते २०१४ मधली, पण शाळेच्या वाचनालयात अजून हातोहात फिरतात. ग्रीक-रोमन देवांची मुलं आजच्या अमेरिकेत वाढतायत, अशी ती गोष्ट. लिओ ह्यूस्टनचाच, मेक्सिकन वंशाचा, लोहारकामाचा देव हेफेस्टस याचा मुलगा. हातात सतत पाना-पक्कड आणि तोंडात सतत विनोद. पहिल्याच पुस्तकात त्याची ओळख होते ती टोकदार कानांचा, सांताक्लॉजचा लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाचा, मदतनीस शोभेल असा पोरगा म्हणून. मोहिमेवरचे नायक-नायिका सात. त्यांच्या तीन जोड्या जमतात आणि सातवा हा. त्याला प्रेम मिळतं, पण मंडळींपासून लांब, एका बेटावर.

आता, रायर्डनवर मी सगळं खापर फोडणार नाही. त्यानं लिओला एस्पेरांझा नावाची आई दिली आहे. ती यंत्रांच्या वर्कशॉपमध्ये काम करायची, मायलेक बोटांनी मोर्स कोड वाजवून एकमेकांशी बोलायचे. लिओ आठ वर्षांचा असताना ती आगीत गेली, आणि आग तर त्याच्याच हातातून निघते. पुढे अनाथ मुलांना सांभाळायला घेणाऱ्या घरांमधून तो पळत राहिला. त्याचे विनोद कुठून येतात हे लेखकानं लिहून ठेवलंय.

माझ्या मुलीचा राग वाचकांवर आहे. चाहते नेटवर लिओच्या ज्या कथा लिहितात, त्यांत विनोद उरतो, पाना उरतो, टाको उरतात (पुस्तकात तो शाकाहारी मैत्रिणीसाठी टोफूचे टाको करतो, तेवढं मात्र सगळ्यांच्या पक्कं लक्षात). आई गळते. तिच्या जागी दर चौथ्या वाक्यात यंत्राकडून भाषांतर करून घेतलेलं स्पॅनिश येतं. चित्रांत त्याचा रंग हळूहळू उजळतो. जोड्या जुळवण्याचा तर या मंडळींना केवढा सोस, पण लिओ बहुतेक वेळा दुसऱ्यांची जोडी जमवून देतो आणि टाळ्या वाजवतो.

'आयला' आणि हे शिंपडलेलं स्पॅनिश एकाच डब्यातलं आहे, हे कळायला मला दोन दिवस लागले.

वाचक पुस्तकाहूनही आखूड वाचतात याचे दाखले इथे ढीगभर आहेत. 'हंगर गेम्स' या कादंबरीत रू या मुलीची त्वचा गडद तपकिरी आहे असं स्वच्छ लिहिलंय, तरी २०१२ साली पडद्यावर त्या भूमिकेत कृष्णवर्णीय अमांडला स्टेनबर्ग दिसल्यावर पुस्तकाचेच कितीतरी चाहते ट्विटरवर खवळले. २०२२ मध्ये रायर्डनच्याच पुस्तकांवरच्या मालिकेत, मूळ मजकुरात सोनेरी केसांच्या असलेल्या अ‍ॅनाबेथच्या भूमिकेसाठी लिआ जेफ्रीज या कृष्णवर्णीय मुलीची निवड झाली, तेव्हा लेखकाला स्वतः लिहावं लागलं की हा सरळसरळ वर्णद्वेष आहे. रूच्या वेळी मूळ मजकूर हवा होता की नको होता, आणि अ‍ॅनाबेथच्या वेळी तो अचानक पवित्र कसा झाला, हे कोडं माझी मुलगी मला घालते.

आपणही याला अपवाद नाही. हॅरी पॉटरमध्ये पार्वती आणि पद्मा पाटील सापडल्या, तेव्हा बेळगावच्या कॉलेजात आम्ही मुली किती हरखलो होतो! चौथ्या भागातल्या नृत्यसमारंभात हॅरी आणि रॉन त्यांना ऐनवेळी जोडीला घेतात आणि रात्रभर तोंड पाडून बसतात, हे आम्हाला खुपलंच नाही. आडनाव मिळालं होतं, तेवढ्यावर आमचं भागलं.

शेजारच्या बाई भूगर्भशास्त्रज्ञ आहेत. नवीन असताना मी त्यांना विचारलं होतं, "तुम्ही मेक्सिकोहून कधी आलात?" त्या हसल्या. त्यांचे पूर्वज रिओ ग्रांदे नदीच्या उत्तरेला शेती करत होते, १८४८ च्या तहानंतर नदी हीच सीमा ठरली, माणसं होती तिथेच राहिली. निपाणीच्या मुलीला हे समजावून सांगावं लागत नाही. १९५६ च्या नोव्हेंबरात निपाणी मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेली, तेव्हा माझे आजोबा अंगणातून हलले नव्हते. या बाईंचं स्पॅनिश माझ्या मुलीच्या मराठीइतकंच तुटकं आहे. त्यांना दुकानात लोक मुद्दाम स्पॅनिशमध्ये बोलायला लागले की त्या ओशाळतात. अशी बाई तरुणांच्या कादंबरीत मला अजून भेटलेली नाही. गँगमधला देखणा पोरगा आणि त्याला सुधारणारी गोरी मुलगी मात्र भेटते.

ह्यूस्टनमध्ये दहांतली चारांहून जास्त माणसं लॅटिनो आहेत. आमच्या मराठी मंडळात त्या सगळ्यांना एकच शब्द: मेक्सिकन. "गवत कापायला मेक्सिकन बोलावलाय." मीही म्हणायचे. आमच्याकडे येणारा गृहस्थ होंडुरासचा आहे, हे मला तिसऱ्या वर्षी कळलं, तेही त्याच्या टोपीवर झेंडा होता म्हणून.

इथे पुस्तकांच्या जगात काही वर्षं असा आग्रह होता की ज्याची गोष्ट त्यानंच लिहावी. २०१५ पासून त्यासाठी 'ओन व्हॉइसेस' असा शिक्काही चालला. पुढे लेखकांना आपली खासगी ओळख सिद्ध करत बसावी लागली आणि २०२१ मध्ये 'वी नीड डायव्हर्स बुक्स' या संस्थेनं तो शब्द वापरणं सोडलं. 'मराठी भूमिका मराठी नटालाच' ही गावाकडची मागणी ऐकली की मला हे आठवतं. वेबमालिकेतली ती मोलकरीण मराठी नटीच करत होती हो! आणि मामांना उत्तर द्यायचं तर आता एवढंच देईन: खोटं काहीच नाही, पण ती त्या दारातून बाहेर गेल्यावर कुठे जाते ते एकदा दाखवा.

मुलीनं शेवटी स्वतःच लिओची एक कथा लिहिली. पहिल्या खर्ड्यात मेक्सिकोतल्या मृतांच्या सणाच्या मेणबत्त्या होत्या. शेजारच्या बाईंनी वाचून सांगितलं की त्यांच्या घरी हा सण कधी झालाच नाही. मग तिनं सगळं खोडलं आणि लिओला रात्री अकरा वाजता एका वॉशटेरियात, पैसे टाकून कपडे धुवायच्या दुकानात, बसवलं. मांडीवर आईचा डगला. धुवायचा की नाही, कारण धुतला तर ग्रीसचा वास जाईल. बाकी काही घडत नाही. बोटं मशीनच्या पत्र्यावर वाजत राहतात.

अकरा जणांनी वाचली. एकीनं खाली लिहिलं, "छान आहे, पण लिओ असा नाही."

मुलगी फोन उलटा ठेवून बसली होती. तिला म्हणाले नाही, पण वाचताना दुसऱ्या पानावर मीही शोधत होते, हा विनोद कधी करणार.