कोटणीसांच्या नावावर पावत्या फाडू नका

‘सोलापूरच्या तरुणांनो, डॉ. कोटणीसांचा वारसा पुढे चालवा! नेपाळ किंवा टांझानियात सहा आठवडे आंतरराष्ट्रीय स्वयंसेवक व्हा. अनाथ मुलांना इंग्रजी शिकवा, गरिबी हटवा. अनुभवाची अट नाही. संयुक्त राष्ट्रांचं प्रमाणपत्र, परतल्यावर नोकरी पक्की. फक्त १,८०,००० रुपये.’

हा मेसेज सोसायटीच्या ग्रुपवर आला, शाळेच्या ग्रुपवर आला, मी सोडून दिला. परवा ताईने पाठवला आणि खाली विचारलं, ‘पोरीसाठी एफडी मोडू का रे?’ भाची नुकतीच बी.कॉम. झालीय. आता गप्प बसणं शक्य नाही.

आधी पैशाचं, ते पटकन संपतं. संयुक्त राष्ट्रांचा स्वयंसेवक कार्यक्रम १९७० च्या आमसभेच्या ठरावातून उभा राहिला, मुख्यालय जर्मनीत बॉनला. अर्ज, मुलाखत, प्रशिक्षण, कशासाठीही ते उमेदवाराकडून पैसे घेत नाहीत. उलट निवड झालेल्याला ते राहण्या-जेवणाचा भत्ता, प्रवासखर्च आणि विमा देतात. पुढच्या नोकरीची हमी मात्र कुणालाच देत नाहीत. संपलं.

आता कोटणीस. ज्याने हे लिहिलं त्याने सोलापूरच्या भैय्या चौकातलं त्यांचं स्मारक आतून पाहिलंय का? १९३८ मध्ये, जपानशी युद्ध चालू असताना, चीनच्या बाजूने जनरल झू दे यांनी नेहरूंकडे डॉक्टर मागितले, म्हणून काँग्रेसने पाच जणांचं पथक पाठवलं. त्यासाठी लोकांकडून वर्गणी जमवली, डॉक्टरांकडून फी घेतली नाही. कोटणीस शिकलेले डॉक्टर होते. तिथे जाऊन ते चिनी भाषा शिकले, आघाडीवर शस्त्रक्रिया केल्या, बेथ्यून रुग्णालयाचे प्रमुख झाले, तिथल्या मुलांना वैद्यकी शिकवली. ९ डिसेंबर १९४२ ला तिथेच गेले, वय ३२. बोलावणं होतं, हातात विद्या होती आणि परतीची तारीख नव्हती. यातलं एक तरी त्या सहा आठवड्यांच्या पॅकेजमध्ये आहे?

‘अनुभवाची अट नाही’ हे वाक्य जाहिरात म्हणून छापायची हिंमतच मला कळत नाही. उलटं करून बघा की. उद्या टांझानियाहून एक पदवीधर पोरगा आपल्या सोलापूरच्या पूर्वभागातल्या शाळेत आला. वर्गात निम्मी पोरं घरी तेलुगू बोलणारी, काही कन्नड, काही उर्दू. त्याला यातलं काही येत नाही, मराठीही नाही. पोरांची नावं पाठ होईतो तो परत निघाला, आणि मागून दुसरा आला, पुन्हा एबीसीडीपासून. मुख्याध्यापक आत तरी घेतील का त्याला? मग नेपाळच्या पोरांनी काय पाप केलंय? परदेशी स्वयंसेवक पाठवणाऱ्या ब्रिटनच्या व्हीएसओ या संस्थेने १९५८ मध्ये शाळा संपवलेल्या अठरा वर्षांच्या मुलांपासूनच सुरुवात केली होती. पुढे तीच संस्था अनुभवी लोकांकडे वळली.

पण खरा संताप ‘अनाथ मुलांना’ या शब्दांवर आहे. नेपाळमधल्या अनाथाश्रमांतल्या बहुसंख्य मुलांचे आई किंवा वडील, निदान एक जण, जिवंत आहेत, असं युनिसेफ वर्षानुवर्षं सांगतंय. दलाल खेड्यात जातो, ‘शहरात चांगली शाळा मिळेल’ म्हणतो आणि पोर घेऊन येतो. हे आश्रम गर्दीने आहेत ते परदेशी पाहुणे येतात त्याच जिल्ह्यांत. पाहुणा फी भरतो, म्हणून आश्रम चालतो, म्हणून आणखी पोरं आणली जातात. ऑस्ट्रेलियाच्या संसदीय समितीने आधुनिक गुलामगिरीच्या चौकशीत हा प्रकार घेतला होता. आणि ज्या संयुक्त राष्ट्रांचं प्रमाणपत्र मिळणार म्हणे, त्यांच्याच आमसभेने डिसेंबर २०१९ च्या बालहक्क ठरावात अनाथाश्रमांतल्या स्वयंसेवक कार्यक्रमांमुळे, पर्यटनातल्यासुद्धा, होणारं नुकसान रोखा असं सदस्य देशांना सांगितलंय. आपल्याकडे बालगृहात मूल ठेवायला बाल कल्याण समितीचा आदेश लागतो. तिथे कुणी दीड-दोन लाख भरून पोरांना मांडीवर घेऊन फोटो काढायला आला, तर आपण पोलिसांना फोन करू. सीमेपलीकडे गेलं की त्यालाच सेवा म्हणायचं?

‘गरिबी हटवा’वर फार लिहीत नाही. या क्षेत्रातलं चांगलं काम दिसायला कंटाळवाणं असतं: परिचारिका तिथल्या परिचारिकांना शिकवते, हिशेबनीस एखाद्या छोट्या संस्थेची वहीखाती लावून देतो, म्हणजे पुढचं ऑडिट ती संस्था स्वतः पार पाडते. त्याचे फोटो कुणी ग्रुपवर टाकत नाही.

एक गोष्ट नाइलाजाने मान्य करतो. १८ ते २६ वयोगटासाठी संयुक्त राष्ट्रांचीच युवा स्वयंसेवक योजना आहे, आणि तिथे अनुभवाची सक्ती नाही. म्हणजे मेसेजमधली ती ओळ अगदीच हवेतून आलेली नाही. पण तिथे यजमान संस्था नेमकं काम आधी लिहून देते, मग निवड होते. विशेषज्ञ म्हणून जायचं तर वय किमान २७ आणि तीन वर्षांचा अनुभव. घरबसल्या ऑनलाइन स्वयंसेवक होण्याचीही सोय आहे, तीही फुकट. ताईला सांगितलं, पोरीला आधी एखाद्या सीएकडे तीन वर्षं काढू दे, ऑडिट शिकू दे. नंतर तिला खरंच कुणी बोलावलं तर विमानतळावर सोडायला मीच येतो.

आणि ज्यांनी ‘सीट बुक’ म्हणून टोकन भरलंय त्यांनी लाजत बसू नये. १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करा, बँकेला कळवा, आणि चॅट अजिबात डिलीट करू नका.