काळ्या मातीतलं घर आणि व्हॉट्सॲपचा गवंडी

"काळ्या जमिनीवर भेगा पडतात, कारण गवंडी सिमेंट खातो. सिमेंट-लोखंड दुप्पट करा. एकमजली घराला खोल पाया कशाला? उन्हाळ्यात पायाला पाणी सोडा. आजोबांच्या घराला कुठे भेगा होत्या?" घरकुलाचा हप्ता आला की यवतमाळकडच्या आमच्या गावांतल्या ग्रुपवर हा मजकूर हमखास फिरतो.

गवंडी सिमेंट खातच नाही, असं मी म्हणणार नाही. पण खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी निघणारी आणि ऋतूबरोबर उघडमीट करणारी भेग मातीची असते. बेसाल्ट झिजून झालेल्या या मातीतलं मॉन्टमोरिलोनाइट नावाचं चिकण खनिज पाणी पिऊन फुगतं, वाळलं की आकसतं. वैशाखात शेतातली भुई उलते, तेच घराखाली होतं. लोखंड जोत्याच्या आणि दार-खिडक्यांवरच्या लिंटलच्या पट्टीत कामाचं. कॉलममध्ये दुप्पट कोंबलं म्हणून माती फुगायची थांबत नाही.

एकमजली घराचं तर नेमकं उलटं आहे. फुगणारी माती वर ढकलते आणि हलक्या घराकडे तिला दाबून धरायला वजनच नसतं. म्हणून माती जिथवर ऋतूबरोबर ओली-सुकी होते, त्याच्या खाली पाया न्यायचा. दोन-तीन हातांवर घट्ट मुरूम लागला तर पाया त्यावर टेकवा, बहुतेक काम झालं. नाही लागला, तर रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने विकसित केलेले, बुडाशी फुगवटा असलेले पाईल, म्हणजे जमिनीत खोल भोक पाडून ओतलेले काँक्रीटचे खांब, आहेत. खोल काळ्या मातीत त्यांची लांबी निदान 3.5 मीटर धरतात. खर्च वाढतो, हे खरं. आणि खोदलेली काळी माती जोत्यात परत भरू नका, मुरूम भरा.

पाण्याचा मुद्दा निम्मा खरा. ओल सगळीकडे, वर्षभर सारखी राहिली तर माती हलत नाही. पण मे महिन्यात एका भिंतीला पाइप सोडला की तेवढाच कोपरा फुगतो. त्यापेक्षा घराभोवती मीटरभर फरशी, बाहेर उतार देऊन. न्हाणीचं पाणी लांब. भिंतीलगत कडुनिंब नको, उन्हाळ्यात त्याची मुळं तिथलीच ओल ओढतात.

राहिले आजोबा. जुनी माणसं शेताला 'काळी' म्हणत, गावठाणाला 'पांढरी'. आजोबांचं घर पिढ्यान्‌पिढ्या तुडवलेल्या पांढरीवर, जाड मातीच्या भिंतींचं. भेग पडलीच तर आजी दिवाळीआधी लिंपून टाकायची, म्हणून ती कुणाच्या लक्षात राहिली नाही. नातवाचा प्लॉट मात्र काळीत आहे. गेल्या साली तिथे कपाशी होती.