तीन मिनिटांचे खाँसाहेब

परवा पुण्यात शास्त्रीय गाण्याच्या एका घरगुती बैठकीला गेले होते. मध्यंतरात शेजारच्या काकांनी माझी तोंडी परीक्षा घेतली. "काय गं, कोणता राग झाला आत्ता? सांग बघू." मला सांगता आलं नाही. मग काका शेजारच्या काकूंकडे वळून म्हणाले, "यांच्या पिढीला तीस सेकंदांच्या पुढे काही ऐकवतच नाही." काकूंनी मान डोलावली. मी चहा प्यायले. वडीलधाऱ्यांना तिथल्या तिथे उलट बोलायची आपल्याकडे पद्धत नाही, म्हणून आता फेसबुकवर बोलते.

काका, तुमचं निम्मं बरोबर आहे. मला राग ओळखता येत नाहीत. भूप आणि देशकार यांतला फरक मला तीनदा समजावून सांगितलाय आणि तिन्ही वेळा तो घरी येईपर्यंत सांडलाय. आणि हो, मी या गाण्यापर्यंत रीलवरूनच आले. पण म्हणून मी चुकीच्या दारानं आत शिरले असं जे तुम्हाला वाटतंय ना, त्यावर मला जरा बोलायचंय.

मी मूळची मिरजेची. मिरज म्हटलं की लोकांना रेल्वे जंक्शन आठवतं, दवाखाने आठवतात आणि मग सतारी. आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून तंतुवाद्यांची दुकानं. शाळेत जाता-येता टणटण, टुंईटुंई चालू असायचं. कुणीतरी तार चढवतंय, कुणीतरी खुंटी पिळतंय, दारात भोपळे वाळत पडलेत. आम्हाला त्याचं इतकंच अप्रूप होतं, जितकं गिरणीशेजारी राहणाऱ्याला पिठाचं. पुढे कळलं की ही घराणी मूळची शिकलगारांची, तलवारींना धार लावणारी. हत्यारांचं काम आटलं तसे एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेब तंबोरे-सतारी बनवायला लागले आणि आडनावच सतारमेकर झालं. 2024मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा आमच्या शाळेच्या ग्रुपवर सगळ्यांनी बातमी फॉरवर्ड केली. त्यातल्या एकानंही आयुष्यात तंबोरा हातात धरलेला नाही. मी धरून.

मीरासाहेबांच्या दर्ग्यात उरुसाला मोठी गाण्याची सभा होते. किराणा घराण्याचे मोठे गवई अब्दुल करीम खाँसाहेब, त्यांच्या नावानं. लहानपणी माझ्यासाठी उरूस म्हणजे पाळणे, बांगड्या आणि जिलेबी. सभा म्हणजे रात्री लांबून कानावर येणारा 'आऽऽ'. आई म्हणायची, "झोप आता, ते पहाटेपर्यंत चालणाराय."

मग शिक्षण, मग पुणे, मग हिंजवडी. बावीस वर्षांची होते. पीजीतल्या कॉटवर रात्री एक वाजता अंगठ्यानं स्क्रीन ढकलत पडले होते. कुणाचं तरी मांजर, कुणाचं तरी मिसळ-परीक्षण, आणि मध्येच एक जुनाट, खरखरणारा आवाज. बारीक, उंच, किंचित नाकातला. बाई गातेय की पुरुष, तेही पटकन कळेना. 'पिया बिन नहीं आवत चैन'. रील संपलं आणि मी ते परत लावलं. मग अख्खं ध्वनिमुद्रण शोधलं. खाली नाव होतं, अब्दुल करीम खाँ. झिंझोटी रागातली ठुमरी.

मला आधी गाणं आठवलंच नाही, पत्ता आठवला. अरे, यांची कबर आमच्या दर्ग्यात आहे की! त्या कबरीवरून अठरा वर्षं चपला हातात घेऊन गेलेय मी.

त्या रात्री ते किती वेळा ऐकलं मोजलं नाही. तीन-सव्वातीन मिनिटांचा मामला. त्यात शब्द अगदी मोजके. पण 'चैन' नाही म्हणून सांगणारा माणूस इतका शांत कसा, हे मला कळेना. रडगाणं नाही, आर्जव नाही. एखाद्यानं दारात उभं राहून सरळ आवाजात सांगावं, झोप येत नाही हल्ली, आणि निघून जावं. मी ब्रेकअपच्या याद्या करून ऐकणारी मुलगी. त्या सगळ्या याद्या मला अचानक फार बडबड्या वाटायला लागल्या.

तर काका, तीन मिनिटं. ही तीन मिनिटं काही माझ्या पिढीनं शोधलेली नाहीत. मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या तबकडीवर सुई कडेपासून मधोमध यायला साधारण तेवढाच वेळ लागायचा. 1902मध्ये कलकत्त्यात गायिका गौहर जाननं तबकडी भरली तेव्हा तेवढ्यातच गाणं बसवायचं आणि शेवटी 'माय नेम इज गौहर जान' असं ठणकावून सांगायचं, इतकं सगळं उरकायचं होतं. परदेशातल्या कारखान्यात तबकडी कुणाची ते कळावं म्हणून नाव सांगायचे म्हणे. मला मात्र ते ऐकताना रीलच्या शेवटी हँडल वाचून दाखवणाऱ्या पोरी आठवतात. (हे वाक्य वाचून काही जण मला अनफ्रेंड करतील. चालेल.)

तेव्हाही तक्रार होतीच. रात्रभर रंगणारी मैफल तीन मिनिटांत कोंबायची म्हणजे कलेचा अपमान, असं वाटणारे गवई होते. खाँसाहेबांनी मात्र तबकड्या भरल्या. अगदी सुरुवातीच्या काळात भरल्या आणि मग पुन्हा तीसच्या दशकात, ओडियन कंपनीसाठी. माझ्या हेडफोनमध्ये येतात ते बहुतेक करून हे शेवटचे. आणि आता ज्या गोष्टीवर माझी सगळी केस उभी आहे ती सांगते. गदगकडचा एक शाळकरी मुलगा दुकानात वाजणाऱ्या तबकड्या ऐकत रेंगाळायचा. त्यात खाँसाहेबांची ही ठुमरी त्याच्या कानावर पडली आणि असं गाता आलं पाहिजे म्हणून वयाच्या अकराव्या वर्षी, 1933मध्ये, तो घर सोडून पळाला. भटकत भटकत शेवटी कुंदगोळला, खाँसाहेबांचेच शिष्य सवाई गंधर्व यांच्याकडे पोचला. पुढचं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, काका. तुम्ही डिसेंबरात ज्या महोत्सवाला दरवर्षी जाता तो 1953 साली त्याच मुलानं गुरूच्या स्मरणार्थ सुरू केला. भीमसेन जोशींना दुकानाच्या दारात तीन मिनिटांनी पकडलं. मला पीजीत पकडलं. मी कुठेही पळाले नाही, फक्त दुसऱ्या दिवशी ऑफिसला उशिरा पोचले. फरक आहेच. पण दार तेच.

आता माझ्याच बाजूची कच्ची वीटही दाखवते. तीन मिनिटांवर मी जवळपास वर्षभर राहिले. फक्त जुन्या तबकड्या. मला वाटायला लागलं की गाणं असंच असतं, नेमकं, एकही सूर फुकट न घालवणारं, आणि हे तासतासभर गाणारे लोक उगाच पाणी घालतात. हे मी चारचौघांत बोलूनही दाखवलं. आता आठवलं तरी कानशिलं तापतात. तबकडी म्हणजे खाँसाहेबांचं व्हिजिटिंग कार्ड होतं आणि मी कार्डालाच घर समजून बसले होते.

हे मला गाणाऱ्या माणसानं नाही, तंबोरा बनवणाऱ्यानं कळवलं. दिवाळीला मिरजेला गेले होते. गल्लीतल्या एका दुकानात गेले. चाचा मला लहानपणापासून ओळखतात, म्हणजे माझ्या बाबांची मुलगी म्हणून. "काय पायजे बाळ, गिटारच्या तारा?" म्हणाले. मी म्हटलं, "नाही चाचा, तंबोरा बघायचाय." त्यांनी चष्मा वर करून माझ्याकडे बघितलं आणि समोरचा तंबोरा पुढ्यात घेतला.

चार तारा. पहिला पंचम म्हणजे प, मधले दोन षड्ज म्हणजे सा, शेवटचा खर्ज म्हणजे खालचा सा. छेडल्या. आवाज आला, चांगला, पण बंद खोलीतला. मग त्यांनी सुती दोऱ्याचा तुकडा घेतला, घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, तारेच्या खाली सरकवला आणि केसभर मागे-पुढे करत बसले. एका जागी आल्यावर ती तार एकदम फुलली. दुसरा शब्द नाही माझ्याकडे. ठिपक्याएवढा आवाज होता, त्याचा पंखा झाला. "ही जवारी," चाचा म्हणाले. "घोडी घासायची. लई घासली तरी गेलं, कमी घासली तरी गेलं. तार नुसती टेकाय पायजे, बसाय नको."

मग खर्ज छेडून विचारलं, "गांधार ऐकू येतो?"

मी म्हटलं, "हो."

साफ खोटं. गांधार म्हणजे ग, आणि मला खर्ज ऐकू येत होता. खर्जाच्या तारेवर खर्जच येणार ना! चाचांना कळलं असावं. ते काहीच बोलले नाहीत, नुसते छेडत राहिले. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. बाहेर रिक्षावाल्यांची बाचाबाची, एक गिऱ्हाईक येऊन गेलं. मी फोन काढला, ठेवला, परत काढला. खरं सांगते, प्रचंड कंटाळा आला. आणि त्या कंटाळ्याच्या पार तळाशी, तारेच्या आवाजाच्या वर कुठेतरी, एक बारीक सूर तरंगत असल्याचं लक्षात आलं. कुणी वाजवत नव्हतं तो. त्याची तारही नव्हती. चार तारा नीट लागल्या आणि जवारी जमली की तो आपोआप येतो, म्हणून त्याला स्वयंभू गांधार म्हणतात. आणि एकदा ऐकू आला की मग तो ऐकू न येणं शक्यच होत नाही.

"आला?" चाचा म्हणाले.

या खेपेला मी हो म्हटलं नाही. माझं तोंड बघून त्यांनीच छेडणं थांबवलं.

तो सूर तीन मिनिटांत आला नसता. इथे काका, तुमचं उरलेलं निम्मं मी मान्य करते. किराणा घराण्याचे लोक एकेका सुरावर इतका वेळ का थांबतात ते मला त्या दुकानात कळलं. ते पाणी घालत नसतात, ते चाचांसारखा दोरा सरकवत असतात.

त्यानंतर मी लांबलचक ख्याल ऐकायला बसले, तेही एक युक्ती करून. झिंझोटीच निवडला. पहिल्या वीस मिनिटांत तीनदा घड्याळ बघितलं. आणि मग गाणाऱ्यानं खाली उतरताना एक वळण घेतलं आणि मी कॉटवर ताडकन उठून बसले. हे वळण मला माहीत आहे! एसटी स्टँडवरच्या गर्दीत आपल्या गल्लीतलं माणूस दिसावं तसं झालं. राग ओळखणं म्हणजे तुमच्या लेखी नाव सांगणं असेल, माझ्या लेखी हे असं आहे. ज्याचं नाव विसरले त्याचा चेहरा मात्र मला पक्का आठवतो.

त्या डिसेंबरातल्या सवाई गंधर्व महोत्सवाला दोन वर्षं गेले. खुर्चीचं तिकीट परवडत नाही, मी भारतीय बैठकीतली. पहिल्या वर्षी एका फार मोठ्या कलाकाराच्या विलंबितात, म्हणजे संथ लयीत, झोपले, चक्क झोपले, आणि जलद लयीतलं द्रुत सुरू झाल्यावर शेजारच्या आजींनी कोपरानं ढोसून उठवलं. "ऊठ, आता मजा आहे," म्हणाल्या. परीक्षा घेतली नाही. काका, ऐकताय ना?

अलीकडे खाँसाहेबांबद्दल थोडं वाचते. माणूस उत्तरेतल्या कैरानाचा. राहिला मिरजेत. म्हैसूर दरबारात गेला, कर्नाटक संगीत ऐकून सरगम उचलली, त्यागराजांची कृती तबकडीवर गायला, आणि आपलं नाट्यपदही गायला. 1937च्या ऑक्टोबरात मद्रासकडून पुदुचेरीला निघाले असताना वाटेत गाडीत अस्वस्थ वाटायला लागलं. सिंगपेरुमल कोईल नावाच्या लहानशा स्टेशनवर उतरले, फलाटावर बसले, नमाज पढले, दरबारी रागात सूर लावला आणि तिथेच गेले. तिथून त्यांना मिरजेला आणलं. मी पुण्याहून कोयना एक्सप्रेसनं घरी जाते तेव्हा एखाद्या लहान स्टेशनवर गाडी क्रॉसिंगला थांबते, फलाटावर कुणी नसतं, आणि मला दर वेळी तेच आठवतं. मग हेडफोन लावते. कराडच्या पुढे रेंज जाते, म्हणून ती तीन मिनिटं मी डाउनलोड करून ठेवली आहेत.

यंदा उरुसाच्या सभेला पहाटेपर्यंत बसायचं ठरवलंय. आई म्हणाली, "तुला झेपणार नाही, तरी शाल घेऊन जा." सुट्टीचा अर्ज टाकलाय. सिस्टीममध्ये कारण निवडायला चारच पर्याय आहेत, त्यात संगीत नाही. मी 'घरगुती कार्यक्रम' निवडलं. मॅनेजरचा मेसेज आला, "कुणाचं लग्न?"

अजून उत्तर दिलेलं नाही.