सामोसच्या बोगद्यात चूक आहे, आणि ती आत गेलं की दिसते

ग्रीसच्या सामोस बेटावर पायथागोरियो नावाचं बंदराचं छोटं गाव आहे. त्यामागच्या डोंगरातून झऱ्याचं पाणी शहरात आणण्यासाठी खोदलेल्या प्राचीन बोगद्याबद्दल एक मजकूर जोरात फिरतो. त्याचा आशय असा: अडीच हजार वर्षांपूर्वी दोन्ही बाजूंनी खोदत आलेले मजूर सरळ रेषेत भेटले, एक इंचाचीही चूक नाही. गणित पायथागोरसचं, राबणूक साखळदंडातल्या गुलामांची. असा हा जगातला पहिलाच बोगदा, आणि पाणी त्यातूनच वाहायचं. अशी मोजमापं तेव्हा शक्यच नव्हती, म्हणजे यामागे हरवलेलं तंत्रज्ञान असणार.

बोगदा खरा आहे. इ.स.पू. सहाव्या शतकातला, १,०३६ मीटर लांब, सुमारे १.८ मीटर रुंद आणि तेवढाच उंच. दोन्ही बाजूंनी खोदला, हेही खरं. बाकीचं एकेक पाहू.

‘एक इंचाचीही चूक नाही’

दोन्ही तुकडे सरळ रेषेत भेटतच नाहीत. उत्तरेकडून सुमारे २७० मीटर आत गेल्यावर ठिसूळ, पाणी धरलेला खडक लागला आणि बोगदा पश्चिमेला वळवावा लागला. जितकं बाहेर गेलं तितकंच परत आलं की मूळ रेषा सापडते, या हिशेबाने तो वळसा काढलेला आहे. पण प्रत्येक वळणाबरोबर चूक साठत जाते. दिशा अर्ध्या अंशाने चुकली तरी ५०० मीटरवर फरक साडेचार मीटरच्या आसपास पडतो, आणि बोगद्याची रुंदी तर दोन मीटरसुद्धा नाही. म्हणजे दोन्ही तोंडं शेजारून निघून जाऊ शकली असती.

बोगद्याचा अभियंता यूपालिनोस याने हे ओळखलं होतं. समांतर रेषा कधीच भेटत नाहीत, म्हणून भेटीची जागा जवळ आल्यावर त्याने मार्ग मुद्दाम तिरका वळवला. एका बाजूने दुसरीची वाट आडवी कापली की गाठ पडणारच. उंचीतल्या चुकीसाठीही सोय केली: एकीकडे छत वर नेलं, दुसरीकडे जमीन खाली उतरवली. आत गेल्यावर ही वाकडी गाठ स्पष्ट दिसते. चूक होणार हे गृहीत धरून केलेलं हे काम आहे, आणि आमच्या मते खरं कौतुक त्याचंच.

‘अशी मोजमापं अशक्य होती’

दोनच गोष्टी साधायच्या होत्या. पहिली, दोन्ही तोंडं एका पातळीत. पाण्याने भरलेला पन्हळ किंवा ओळंबा घेऊन डोंगराला वळसा घालत पातळी पुढे नेता येते. काम चिकाटीचं आहे, गूढ नाही. दुसरी, दिशा. डोंगरावरून काठ्या एका ओळीत रोवत जायचं आणि तीच रेषा तोंडाबाहेर वाढवायची. आतला माणूस मागे वळून पाहतो. तोंडाचा उजेड दिसतोय तोवर तो फारसा भरकटलेला नाही. वळसा घेतला की उजेड जातो आणि पडताळा संपतो. पुढे फक्त मोजलेलं अंतर उरतं. त्या मोजमापाच्या अक्षरखुणा आजही भिंतीवर आहेत, सुमारे २०.६ मीटरच्या अंतराने.

काटकोन त्रिकोणांच्या साखळीने दिशा काढायची रीत ग्रीक गणिती हेरॉनने लिहून ठेवली आहे खरी, पण ती साधारण सहाशे वर्षांनंतर, आणि सामोसचं नाव न घेता.

‘पायथागोरसचं गणित’

तो सामोसचा, एवढाच धागा. त्याचा जन्म इ.स.पू. ५७० च्या सुमाराचा. काम ५५० च्या आसपास सुरू झालं असेल तर तो तेव्हा विशीत होता. प्राचीन ग्रीक इतिहासकार हेरोडोटस अभियंत्याचं नाव सरळ देतो: मेगाराचा यूपालिनोस, नाऊस्त्रोफोसचा मुलगा. गावाच्या नावानेही फसू नये; १९५५ पर्यंत ते तिगानी, म्हणजे ‘तवा’, होतं.

‘साखळदंडातले गुलाम’

ही चुकीच्या परिच्छेदातून उचललेली ओळ आहे. लेस्बोस बेटावरच्या युद्धकैद्यांनी बेड्यांत खंदक खोदला, असं हेरोडोटस म्हणतो, पण तो शहराच्या तटाभोवतीचा खंदक. बोगद्याच्या वर्णनात बेड्या नाहीत आणि त्या कैद्यांना राबवणारा सामोसचा हुकूमशहा पोलिक्रातिस याचं नावही नाही. (हेरोडोटसचे आकडेसुद्धा जसेच्या तसे घेऊ नयेत. तो बोगदा आठ फूट रुंद आणि तितकाच उंच सांगतो.)

‘जगातला पहिलाच’

नाही. जेरुसलेमचा ५३३ मीटरचा सिलोआम बोगदा इ.स.पू. आठव्या शतकाच्या अखेरचा, तोही दोन्हीकडून खोदलेला. मात्र त्याची वाट नागमोडी आहे. आधी रेषा आखून मग डोंगरात शिरणं हे सामोसचं वेगळेपण.

‘पाणी या बोगद्यातून वाहायचं’

मूळ मजकुरात एका वाक्यात उरकलेला हा दावाही चुकीचा आहे. बोगद्याची जमीन जवळजवळ सपाट आहे, कारण सपाट पातळी तपासणं सोपं. पाण्याला उतार लागतो, म्हणून पूर्वेच्या कडेला वेगळा चर खणला: उत्तरेला सुमारे चार मीटर खोल, दक्षिणेला जवळपास नऊ. खोल भागात तर तो चर नसून खालचा दुसरा बोगदाच आहे. वरून ठरावीक अंतरावर भोकं पाडून तो खोदला आणि निघालेला राडारोडा बराचसा वरच्या बोगद्यातच टाकला. तळाशी सुमारे ७२ सेंटिमीटर लांबीचे खापरी नळ एकमेकांत बसवून चुन्याने सांधले होते. फक्त डोंगराखालच्या टप्प्यासाठीच असे १,४०० च्या वर नळ लागतात. झऱ्याचं पाणी चुनखडीतून येणारं, त्यामुळे नळांत थर साचायचे. पुढे गाळ उपसता यावा म्हणून नळांच्या माथ्याला भोकं पाडावी लागली. अशी डागडुजी करत ही व्यवस्था हजारभर वर्षं चालली.